हरणे आणि हरलेला असणे

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवर इतकी वर्षे रंगवलेले आहे की, त्याचा अर्थ एकदा तपासून पाहावा असे सहसा कुणाला वाटत नाही. खेळांविषयीचे आपले बहुतेक लेखनही याच वाक्याच्या आधाराने चालते. खेळाडू हरतो, खचतो, एकांतात घाम गाळतो आणि पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे उभा राहून जिंकतो. जो दुसऱ्यांदाही हरतो त्याच्यावर लेख लिहिला जात नाही. त्यामुळे ते वाक्य खोटे ठरण्याची वेळच येत नाही.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात मात्र एक माणूस असा होऊन गेला, की त्याच्या आयुष्यात या वाक्याची परीक्षा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले. फ्लॉइड पॅटरसन हे त्याचे नाव. हेवीवेट गटातील विश्वविजेतेपद दोनदा त्याच्या हातून गेले, आणि दोन्ही वेळा चारचौघांत मान वर करता येऊ नये अशा रीतीने गेले. दोन्ही वेळा ज्याने हरवले त्याच्याशीच वर्षाच्या आत पुन्हा लढण्याची संधी त्याला मिळाली. पहिल्या वेळी त्याने तोवर कुणालाही न जमलेली गोष्ट करून दाखवली. दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षाही दीनवाणा होऊन पडला. माणूस तोच आणि कसबही तेच होते, मग फरक कशात पडला?

या पॅटरसनवर गे टलीज या अमेरिकी पत्रकाराने १९६४ च्या मार्चमध्ये 'एस्क्वायर' मासिकात एक दीर्घ लेख लिहिला. 'द लूझर' हे त्याचे शीर्षक. इंग्रजीतील क्रीडालेखनाचा विषय निघाला की आजही या लेखाचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण हा लेख वाचून झाल्यावर पॅटरसनच्या लढतींचा हिशेब मांडून पाहिला, तर लेखाच्या शीर्षकाशी आपले काही पटत नाही. ते का पटत नाही, याचा विचार या टिपणात करायचा आहे.

१

आपण कुस्ती पाहणारी माणसे. कोल्हापूर असो की बेळगाव, लाल मातीतला पराभव कसा असतो हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पाठ टेकली की निकाल लागला. चितपट झालेला पैलवान उठतो, अंगावरची माती झटकतो आणि वस्तादाच्या पाया पडून फडाबाहेर जातो. मुष्टियुद्धात पडलेल्या माणसाला असा सन्मानाने निरोप मिळत नाही. तो पडला की पंच दहापर्यंत आकडे मोजतो. तेवढ्यात तो उभा राहिला, तर आणखी मार खायला मोकळा. नाही राहिला, तर हजारो लोकांच्या देखत शुद्ध हरपलेला. शुद्धीवर येताना त्याला आधी दिवे दिसतात, मग माणसे दिसतात आणि मग काय झाले ते कळते. म्हणून मुष्टियोद्ध्याच्या दुसऱ्या लढतीला निराळे वजन असते. आपल्याला ज्याने निजवले त्याचा तोच हात पुन्हा चेहऱ्यासमोर येणार असतो, आणि तो हात मनाच्या आधी शरीराने ओळखलेला असतो.

पॅटरसन १९३५ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात जन्मला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या गरीब वस्तीत वाढला. शाळा चुकवणारा, अंधाऱ्या कोपऱ्यांत लपून बसणारा मुलगा. अशा मुलांसाठीच्या विल्टविक येथील निवासी शाळेत त्याला पाठवले गेले आणि तिथे त्याला मुष्टियुद्धाची ओळख झाली. पुढे कस डामाटो नावाचा वस्ताद भेटला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांच्या पॅटरसनने मिडलवेट गटात सुवर्णपदक मिळवले.

या हेलसिंकीशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीतले कांस्यपदक तिथेच मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये इंगेमार योहान्सन हा स्वीडनचा तरुण मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटात अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. पण अंतिम लढतीत तो लढतच नाही असे म्हणून पंचांनी त्याला बाद ठरवले आणि त्याचे रौप्यपदकही रोखून धरले. शेजारच्याच देशाच्या राजधानीत, आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर, भित्रा असा शिक्का घेऊन तो घरी परतला. तेव्हा एकाच ऑलिंपिकमध्ये एक सुवर्णपदक घेऊन निघाला आणि दुसरा बेअब्रू होऊन. सात वर्षांनी ते दोघे एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा हा इतिहास पार उलटा झाला.

२

१९५६ च्या ३० नोव्हेंबरला शिकागोत आर्ची मूरला पाचव्या फेरीत हरवून पॅटरसन विश्वविजेता झाला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. इतक्या लहान वयात तोवर कुणीही हेवीवेट विजेता झालेला नव्हता. अंगाने तो या गटासाठी किरकोळच. दोन्ही हात गालांपाशी धरायचे, मधल्या फटीतून प्रतिस्पर्ध्याकडे पाहायचे आणि एकदम झेप घेऊन डावा ठोसा मारायचा, ही डामाटोने शिकवलेली त्याची पद्धत.

१९५९ च्या २६ जूनला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याची गाठ योहान्सनशी पडली. योहान्सनच्या उजव्या हाताबद्दल बरेच बोलले जात होते, पण तो हात फारसा कुणी पाहिलेला नव्हता. तिसऱ्या फेरीत तो दिसला. पहिल्या ठोशानंतर पॅटरसन उठला खरा, पण तो भानावर नव्हता. समोरच्या माणसाकडे पाठ करून तो चालू लागला. पुढच्या काही क्षणांत तो एकूण सात वेळा पडला आणि अखेर पंचाने लढत थांबवली.

यानंतर पॅटरसन घराबाहेर पडेनासा झाला. लोकांच्या नजरा त्याला सोसवत नव्हत्या. मात्र करारात परतीच्या लढतीची अट होती, म्हणजे दुसरी संधी ठरलेलीच होती. कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन या गावी एका बंद पडलेल्या हॉटेलात त्याने मुक्काम ठोकला आणि घरापासून, गर्दीपासून दूर राहून महिनोन्महिने सराव केला. पहिल्या लढतीच्या वेळी त्याचे वजन १८२ पौंड होते, दुसऱ्या वेळी ते १९० भरले. हे आठ पौंड ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. योहान्सनचा उजवा हात कसा चुकवायचा आणि चुकवता आला नाही तर तो कसा सोसायचा, असा साधा प्रश्न त्याच्यापुढे होता. या प्रश्नाला शरीराने द्यायचे उत्तर होते, आणि ते त्याने तयार केले.

१९६० च्या २० जूनला पोलो ग्राउंड्सवर दुसरी लढत झाली. दुसऱ्या फेरीत योहान्सनचा तो उजवा हात पुन्हा लागला. वर्षभर ज्या क्षणाची धास्ती घेतली तोच क्षण आला आणि पॅटरसन पडला नाही. माझ्या मते त्या लढतीचा खरा निकाल तिथेच लागला. पाचव्या फेरीत पॅटरसनच्या डाव्या हाताने योहान्सनला एकदा खाली बसवले आणि नंतरच्या डाव्या ठोशाने पुरते निजवले. योहान्सन कित्येक मिनिटे शुद्धीवर आला नाही, त्याचा एक पाय नुसता थरथरत होता. जिंकलेला पॅटरसन घाबरून त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. गमावलेले हेवीवेट विजेतेपद परत मिळवणारा तो इतिहासातला पहिला मुष्टियोद्धा ठरला.

आपले नेहमीचे क्रीडालेखन इथे पूर्णविराम देते. पण पॅटरसनने पुढे स्वतः सांगितले आहे की, त्या वर्षभरात त्याच्या मनात योहान्सनविषयी द्वेष भरला होता आणि त्या पातळीला पुन्हा कधी उतरावे असे त्याला वाटत नव्हते. विजयाबद्दल बोलताना ज्याला विजयाच्या इंधनाची लाज वाटते, असा हा माणूस होता. १९६१ च्या मार्चमध्ये मायामी बीचला दोघे तिसऱ्यांदा लढले. पहिल्याच फेरीत पॅटरसन दोनदा पडला, योहान्सन एकदा पडला, आणि सहाव्या फेरीत पॅटरसन कसाबसा जिंकला. द्वेष सरला होता, पण तयार केलेले उत्तर जेमतेम पुरले.

३

सनी लिस्टन हा वेगळाच मामला होता. तुरुंगात मुष्टियुद्ध शिकलेला, गुंडांच्या टोळ्यांशी संबंध असलेला, बोलायला कमी आणि दिसायला भयंकर. डामाटो त्याच्याशी लढत ठरवायला तयार नव्हता. पॅटरसनने वस्तादाचे ऐकले नाही, कारण योग्य आव्हानवीराला टाळणे त्याला अप्रामाणिक वाटत होते. बाहेरचे वातावरणही साधे नव्हते. १९६२ च्या जानेवारीत पॅटरसन व्हाइट हाउसमध्ये गेला तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींनी लिस्टनचा विषय काढला. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेक कृष्णवर्णीयांनाही लिस्टन विजेता झालेला नको होता. जेम्स बाल्डविन, नॉर्मन मेलर असे नामवंत लेखक या लढतीवर लिहायला आले. सज्जनाने दुर्जनाला हरवावे, असे ओझे घेऊन पॅटरसन रिंगणात उतरला.

१९६२ च्या २५ सप्टेंबरला शिकागोत ती लढत झाली. पॅटरसन १८९ पौंड, लिस्टन २१४ पौंड. हातांच्या पल्ल्यात लिस्टन फूटभर पुढे. २ मिनिटे ६ सेकंदांत सारे आटोपले.

दहा महिन्यांनी, १९६३ च्या २२ जुलैला लास व्हेगासमध्ये परतीची लढत झाली. या वेळी पॅटरसन तीनदा पडला आणि लढत २ मिनिटे १० सेकंद चालली. दहा महिन्यांच्या तयारीचे फळ चार सेकंद.

या दोन आकड्यांकडे पाहिले की मानसशास्त्र सुचू लागते. पॅटरसन घाबरला होता, पहिल्या पराभवाने त्याचा कणा मोडला होता, वगैरे. पण इथे समीक्षकाने जरा थांबले पाहिजे. लिस्टन पॅटरसनपेक्षा वीस-पंचवीस पौंडांनी जड, लांब हातांचा आणि त्या काळातला सर्वांत कठीण मारा करणारा मुष्टियोद्धा होता. न घाबरलेला पॅटरसनही बहुधा हरलाच असता. पराभवाचे कारण प्रत्येक वेळी हरणाऱ्याच्या मनात शोधणे म्हणजे जिंकणाऱ्याचे कसब नाकारणे होय. लिस्टनच्या वाट्याला हा अन्याय हयातभर आला.

पण एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. योहान्सनविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत पॅटरसनकडे काहीतरी नवे होते, लिस्टनविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत नवे असे काहीच नव्हते. त्याचे कारण शोधायला टलीजचा लेख उपयोगी पडतो.

४

टलीज त्या आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'चा वार्ताहर म्हणून पॅटरसनवर अनेकदा लिहीत आला होता. त्यामुळे या लेखात ओळखपाळखीचे सोपस्कार नाहीत. न्यूयॉर्कच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड पडलेली क्लबची इमारत आहे, तिथे माजी विजेता एकटाच राहतो, पहाटे धावतो, आणि कुणी विचारले तर आपल्या पराभवाबद्दल बोलतो. लेखातले मोठे बोलणे पॅटरसनचेच आहे. शुद्ध हरपताना कसे वाटते, ते तो सांगतो. वेदना नसते, उलट एक सुखद तरंगणे असते आणि समोरच्या सगळ्या गर्दीबद्दल माया वाटते. मग भान येते आणि लाज येते. त्या क्षणी रिंगणाच्या मध्यभागी एक झडप उघडावी आणि आपण थेट खाली कपडे बदलायच्या खोलीत पडावे, कुणाच्या समोरून जावे लागू नये, असे त्याला वाटते. पराभवाचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. हरणाऱ्याला बोलू दिले तर तो जिंकणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगू शकतो, ही या लेखाची मोठी कमाई आहे.

लेखातला सर्वांत प्रसिद्ध भाग वेषांतराचा. शिकागोच्या पराभवानंतर पॅटरसन खोट्या दाढीमिशा लावून गावाबाहेर पडला आणि मोटारीने न्यूयॉर्कला आला. माद्रिदला गेला तेव्हाही असाच वेष बदलून, लंगडणाऱ्या म्हाताऱ्याचे सोंग घेऊन तो परक्या रस्त्यांवरून फिरला. लेख वाचणारा यावर हसतो आणि हसल्याबद्दल ओशाळतो. पण यातला महत्त्वाचा तपशील पुढेच आहे. ती दाढी पॅटरसनने लढतीच्या आधीच करवून घेतली होती. शिकागोला जाताना ती त्याच्या सामानात होती.

म्हणजे लिस्टनकडून झालेला पराभव हा पॅटरसनने घंटा वाजण्यापूर्वीच पाहून ठेवला होता. योहान्सनने त्याला हरवले तेव्हा त्याला धक्का बसला, आणि धक्का बसलेला माणूस विचारतो की, हे झाले कसे? लिस्टनने हरवले तेव्हा धक्का बसण्यासारखे त्याच्या लेखी काही उरलेच नव्हते. आपल्याविषयीची जी शंका त्याने लहानपणापासून बाळगली होती तिच्यावर फक्त शिक्कामोर्तब झाले. टलीजपाशी तो स्वतःला भित्रा म्हणवून घेतो ते याच अर्थाने. झालेल्या गोष्टीचे कारण शोधता येते. 'मी असाच आहे' या उत्तराचे कारण शोधून काय करणार? त्याने केलेला सराव प्रामाणिक असेलही, पण तो कशासाठी करायचा हे त्यालाच ठाऊक नसावे.

लाज दोन्ही पराभवांनंतर सारखीच होती. पडदे ओढून घरात बसणे आणि दाढी लावून फिरणे यांत मोठा फरक नाही. तेव्हा लाज वाटली म्हणून माणूस दुसऱ्यांदा हरतो असेही नाही, आणि द्वेष केला म्हणून जिंकतो असेही नाही. पराभवातून हाताला लागेल असा एखादा प्रश्न सुटा करून घेता आला की नाही, यावर बरेच काही ठरते.

टलीजच्या लेखाची मर्यादा मला इथे दिसते. लेखाचा सारा भार लिस्टनच्या दोन लढतींवर आहे. ज्या माणसाने चारच वर्षांपूर्वी इतिहासात कुणालाही न जमलेले पुनरागमन केले होते, त्याचे उत्तर या लेखात फारसे वजन धरत नाही. पॅटरसनने स्वतःविरुद्ध दिलेला निकाल टलीज अतिशय हळुवारपणे टिपून घेतो, पण शेवटी तोच शीर्षक म्हणून वर छापतो. मार्च १९६४ मध्ये पॅटरसन एकोणतीस वर्षांचा होता. त्यानंतर तो आठ वर्षांहून अधिक काळ लढला. १९६५ मध्ये त्याने जॉर्ज चुव्हालोला हरवले, १९७२ च्या फेब्रुवारीत ऑस्कर बोनाव्हेनाला. मोहम्मद अलीकडून तो दोनदा हरला, दुसऱ्यांदा १९७२ च्या सप्टेंबरात, आणि तीच त्याची शेवटची लढत. एकूण ६४ लढतींपैकी ५५ त्याने जिंकल्या. सर्वाधिक वेळा खाली पडलेला विजेता असे त्याला म्हणत, त्यावर तो आपण सर्वाधिक वेळा उठलोही आहोत याची आठवण करून देई. 'लूझर' या शब्दात हे सारे मावत नाही.

५

पॅटरसनवरून काढलेला हा निष्कर्ष इतरांच्या बाबतीत टिकतो का, हेही पाहायला हवे.

जो लुईला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये बाराव्या फेरीत झोपवले. लुई डाव्या हाताने टोचणी मारल्यावर तो हात परत घेताना खाली आणतो, एवढी एकच खोड श्मेलिंगने हेरली होती आणि त्या फटीतून तो उजवा ठोसा मारत राहिला. खोड ठाऊक झाली तेव्हा ती सुधारता आली. पुढे विश्वविजेता झाल्यावरही श्मेलिंगला हरवेपर्यंत आपण विजेते नाही असे लुई म्हणत असे. १९३८ च्या २२ जूनला त्याने श्मेलिंगला २ मिनिटे ४ सेकंदांत संपवले.

याउलट जो फ्रेझर. १९७३ च्या जानेवारीत किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. १९७६ मध्ये दोघे पुन्हा भेटले तेव्हा फ्रेझर डोके तुळतुळीत करून आला होता, सरळ आत न घुसता बाजूने सरकत होता, जपून लढत होता. त्याने प्रश्न ओळखला होता, त्याचे उत्तरही शोधले होते, आणि तरी पाचव्या फेरीत तो हरला. फ्रेझरची दुसरी लढत हा पराभव आहे, पण ती पॅटरसनच्या लास व्हेगाससारखी नाही. प्रश्न सापडला म्हणजे विजय मिळतोच असे मुळीच नाही. तो सापडला तर दुसरी लढत खरोखर दुसरी होते, एवढेच म्हणता येईल. अँथनी जोशुआला २०१९ च्या जूनमध्ये अँडी रुईझने न्यूयॉर्कमध्ये चार वेळा पाडून विजेतेपद हिसकावले. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात जोशुआ बारा फेऱ्या अंतर राखून, ठोशांची देवाणघेवाण टाळून खेळला आणि गुणांवर जिंकला. प्रेक्षक कंटाळले. पण रुईझने जून महिन्यात विचारलेल्या प्रश्नाचे ते नेमके उत्तर होते.

खाशाबा जाधवांचेच पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेल्या पैलवानाला तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढायचे होते. ती अडचण कशाची आहे ते त्यांना कळले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला ते गादीवरचे पैलवान होऊन गेले. सहावा क्रमांक त्यांनी आपल्या अंगाला चिकटू दिला नाही.

६

आता शीर्षकाकडे वळू. 'द लूझर' मराठीत आणायचे झाले तर काय म्हणावे? 'पराभूत' म्हटले तर ते फार पुस्तकी होते. 'हरलेला' हा नैसर्गिक शब्द. पण 'हरलेला' या शब्दात एक घडून गेलेली गोष्ट आहे. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी लढतीत हरला. कन्नडमध्ये 'सोतवनु' म्हणतात, त्याचीही घडण अशीच आहे. दोन्ही भाषा हरण्याला क्रियापदातच ठेवतात. अमेरिकी इंग्रजीतला 'लूझर' मात्र क्रियापदातून सुटून माणसाच्या जातकुळीचे नाव झाला आहे. लढत न खेळताही माणूस तिथे लूझर असू शकतो. दोन-दोन भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत हा फरक सहज कळावा.

मात्र या फरकाचा फार अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. आपणही असे एक नाम तयार केलेच आहे. 'यंदा तो नापास झाला' या वाक्यात एक घटना आहे. 'तो नापास आहे' म्हटले की ती जातकुळी होते. दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत, शेजारीपाजारी, लग्नाकार्यांत पहिले वाक्य किती लवकर दुसऱ्यात बदलते, ते आठवून पाहावे. गणितात कुठे अडले, हा प्रश्न मुलाच्या हाती द्यायचा असतो. आपण त्याच्या हाती दाढीमिशा देतो, आणि पुरवणी परीक्षेला तो त्याच लावून बसतो.

पॅटरसन आणि योहान्सन पुढे जिवलग मित्र झाले, समुद्र ओलांडून एकमेकांना भेटत राहिले. हेलसिंकीत रोखलेले रौप्यपदक योहान्सनला १९८२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी मिळाले. पॅटरसन न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध आयोगाचा अध्यक्ष झाला. १९९८ मध्ये एका खटल्यात साक्ष देताना, विश्वविजेतेपद आपण कुणाला हरवून मिळवले हे त्याला आठवेना, आणि त्याने ते पद सोडले. स्मृतिभ्रंशाने दोघांनाही गाठले होते. २००६ मध्ये पॅटरसन गेला, २००९ मध्ये योहान्सन.

टलीजचा लेख मिळेल तिथून जरूर वाचावा. पराभवाची लाज इतक्या जवळून दाखवणारे लेखन दुर्मीळ आहे, आणि शीर्षकाशी भांडण असले तरी ते त्या लेखाच्या बाहेर राहून करता येत नाही. वाचताना फक्त शेजारी एक कागद ठेवावा आणि त्यावर २० जून १९६० ही तारीख लिहून ठेवावी.